माहेर जेवत नाही

छबू, भांडण अर्ध्यात टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. आता दोन्हीकडून मीच भांडायचं का?

तुझा तेरावा उरकून काल घरी आले. कुलूप काढायच्या आधी नजर गेली ती गच्चीकडं जाणाऱ्या जिन्यावर. त्याच्या खालच्या पायरीवर बसून तू तुझी भाकरी सोडायचीस आणि मी दारात उभी राहून भांडायचे. काल पिशवी हातात तशीच ठेवून मी त्या पायरीवर जाऊन बसले. समोरच्या काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, “किल्ली विसरलात का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तुझे गोडवे गायला गावात माणसं पुष्कळ आहेत. तेराव्याला ज्याच्या त्याच्या तोंडी तुझंच नाव होतं. मासेमारीच्या जाळ्यावरून तुझ्याशी वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसंसुद्धा डोळे पुसत होती. मी मात्र भांडणापासून सुरुवात करणार, कारण आपली ओळखच भांडणातून झाली.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आई-बाबा एकाच अपघातात गेले, आणि माझं पुढं काय करायचं हे ठरवायला पुण्यातले सगळे नातेवाईक आमच्या घरी जमले. सगळे रडले, पण ‘आमच्याकडं राहू दे’ असं कुणीच म्हणेना. शेवटी बाबांचे लांबचे भाऊ, दत्तूकाका, जे नुसते भेटायला म्हणून आले होते, ते उठले. धरणाच्या काठावरच्या पंपघरावर ते चौकीदार होते, एकटेच राहायचे. म्हणाले, “चल पोरी माझ्याबरोबर. आमच्याकडं नाथसागर आहे, पोहायला शिकशील.” पैठणच्या धरणाच्या पाण्याला आपल्याकडं तसं म्हणतात, हे मला कुठं माहीत! मला वाटलं, समुद्रच. शेवगाव सोडून एसटी पुढं आली, आणि खिडकीतून पाणी दिसलं. पलीकडचा काठ दिसेना. म्हटलं, काका खरं बोलले.

काठावर उतरले ते पुण्याच्या शाळेचे काळे बूट घालून. पाण्यात बोट बुडवलं आणि चाखून बघितलं. तू तिथंच परात घासत बसली होतीस.

“काय चाखती गं? कालवन हाय व्हय?”

“समुद्र खारट असतो,” मी म्हटलं. “हा खोटा आहे.”

“खोटा? मग पडून दाव की.”

आणि माझ्या उत्तराची वाटसुद्धा न बघता तू मला ढकललंस. परत तूच वेणीला धरून ओढून काढलंस. काठावर बसून मी जी रडायला लागले, ती थांबेचना. आई-बाबा गेल्यापासून मी रडले नव्हते, तोवर मोठी माणसंच रडत होती. तुझ्या आईला वाटलं पोर पाण्याला भ्याली. तिनं तुझ्या पाठीत एक धपाटा घातला, मला पदरात गुंडाळलं आणि चुलीपाशी नेऊन बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मासळीचं कालवण खाल्लं. काटा कसा काढायचा ते तू दाखवलंस, तेही ‘येडी हाय का गं तू’ असं म्हणत.

काकांना खिचडीशिवाय काही यायचं नाही आणि बोलणं तर त्याहून कमी. मग मी दुपारी तुमच्याकडंच. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी काही ठरवलं नाही. तुझी आई फक्त पीठ जास्तीचं मळायला लागली. तू माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून मला पोहायला शिकवलंस आणि एक दिवस न सांगता तो कॅन सोडून घेतलास. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात तुझे वडील काकड्या लावायचे. त्यातल्या निम्म्या आपण दोघी वेलावरच फस्त करायचो, आणि शिव्या तू एकटीनं खायचीस.

पुढं मी शेवगावला कॉलेजात जायला लागले. तुझं तर लग्नही होऊन गेलं होतं, शेजारच्याच वाडीत, किसनभाऊजींशी. तुझे आई-वडील एकामागोमाग गेले. काकांनी नगरचं स्थळ बघून माझं लग्न लावून दिलं, आणि त्याच हिवाळ्यात तेही गेले. मी सावेडीतल्या या फ्लॅटमध्ये आले. नवरा सुहास चांगला, सासूबाई करड्या पण मनाच्या वाईट नाहीत. पहिली पंचमी तोंडावर आली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “अनघा, तुला न्यायला मुराळी कोण येणार?”

लेकीला सणासाठी माहेरी न्यायला भाऊ येतो, बाप येतो, त्याला मुराळी म्हणतात. मी म्हटलं, “कुणी नाही.” मी आत जाऊन उगाचच डबे पुसत बसले. मला तेव्हा फार एकटं वाटलं होतं, छबू. आई-बाबा गेले तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

आणि पंचमीच्या आदल्या दिवशी दारात तू! डोक्यावर टोपली, काखेत पिशवी, कपाळाला घाम. टोपलीत भुईमुगाच्या शेंगा, बाजरीचं पीठ, आणि वर खण. सासूबाई म्हणाल्या, “या, कोण तुम्ही?” तू उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून, अगदी घोकून आल्यासारखी म्हणालीस, “मी अनूची मुराळी. लेकीला पंचमीला न्यायला आलेय.”

“बाई मुराळी?” सासूबाई बघतच राहिल्या.

“गडी न्हाई आमच्यात मोकळा. मासळीचा हंगाम हाय.”

मला हसू आवरेना, आणि डोळे तर वाहायला लागले होते. माझ्याच वयाची तू, आणि मला लेक म्हणतेस!

पानं वाढली तेव्हा खरी गंमत झाली. तू पाटावर बसेचना. चहा घेतलास, दोन कप घेतलेस, आणि म्हणालीस, “च्या चालतो, च्या काय अन्न न्हाई.” मग पिशवीतलं फडकं काढलंस आणि जिन्यावर जाऊन बसलीस. भाकरी, ठेचा आणि सुकटाची चटणी. साऱ्या जिन्यात वास घमघमला. आमच्या शाकाहारी बिल्डिंगमधली दारं एकेक करून उघडली. सासूबाईंना वाटलं, आपल्या हातचं हिला चालत नाही. शेजाऱ्यांना वाटलं, हे लोक भोयाच्या बाईला घरात जेवू घालत नाहीत. मी मधल्यामधे लाजेनं अर्धी झाले.

वाटेत एसटीत मी तुला फैलावर घेतलं. तू शेंगा सोलत म्हणालीस, “लेकीला लेकरू हुईस्तवर माहेरच्यानं लेकीच्या घरी जेवायचं नसतंय. तुला कुनी शिकिवलंच न्हाई का काई?”

“अगं, तू माझी मैत्रीण आहेस!”

“मैत्रीन जेवंल. माहेर जेवत न्हाई.”

हे आपलं भांडण. ते दर पंचमीला त्याच जिन्यावर व्हायचं. मी म्हणायचे, “मी तुमच्याकडं जन्मभर जेवले, ते?” तू म्हणायचीस, “लेक जेवतीच की.” मी म्हणायचे, “लोकांना वाटतं आम्ही तुला बाहेर बसवतो.” तू म्हणायचीस, “वाटू दे की. लोकान्ला दुसरा उद्योग न्हाई.” सगळ्यात कहर म्हणजे सासूबाईंना खरं कारण कळल्यावर त्या तुझ्याच बाजूच्या झाल्या. त्यांची आईसुद्धा सुहास होईपर्यंत त्यांच्याकडं जेवली नव्हती म्हणे. पुढच्या वर्षापासून तुला जिन्यावर पाण्याचा तांब्या आणि बसायला पाट त्या स्वतः नेऊन द्यायला लागल्या. एसटीवर नगरच्या जागी अहिल्यानगर आलं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आली, तुझी पायरी मात्र तीच.

पण हसण्यावारी नेता येईल इतकं ते सोपं राहिलं नाही. मला मूल होईना. डॉक्टर झाले, औषधं झाली, सासूबाईंचे नवस झाले. प्रत्येक पंचमीला तू यायचीस, आणि तू जिन्याकडं निघालीस की मी आधी शेजारची दारं बघायचे. एका वर्षी मी बोलून गेले. “तू बाहेर जाऊन बसतेस ना छबे, तेव्हा दर वेळी सगळ्या जगाला दाखवतेस, हिला अजून झालं नाही म्हणून.”

तुझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तुझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, हे मला तुझ्या तोंडावरून कळलं. त्या वर्षी आपण एसटीत शेजारी बसून शेवगावपर्यंत एक शब्द बोललो नाही.

पुढच्या पंचमीला तू येणार नाहीस असं मी धरून चालले होते. आलीस. कडेवर तुझी ऋतुजा होती, चांगली दांडगी झालेली, तरी कडेवर. माझ्या ओट्यावर तिला आणून बसवलंस. “हिला जेवू घाल. ही काय मुराळी न्हाई. भाची हाय, मावशीच्या घरी जेवंल.” आणि फडकं घेऊन निघालीस आपल्या पायरीवर! आत तुझी लेक तोंड माखून वरणभात खातेय, बाहेर तू भाकरी खातेस, आणि मी दारात उभी. एकदा आत बघत होते, एकदा बाहेर. रागवावं की हसावं कळेना. शेवटी मी माझं ताट घेऊन जिन्यावर तुझ्या शेजारी आले. तू सरकून जागा दिलीस आणि माझ्या ताटाकडं ढुंकूनही बघितलं नाहीस.

त्याच खेपेला, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, आपण होडीत होतो. वरून नाशिककडचं पाणी सुटलेलं, काठ रोज मागं सरकत होता. वल्हं मारता मारता तू म्हणालीस, “अने, एक सांगू का? खऱ्या माहेराचं काय, त्यांनी रीत सोडली तरी ते माहेरच ऱ्हातंय. रगत असतंय ना मधी. आपलं निस्तं मानलेलं हाय. मी एक डाव तुझ्या ताटाला बसले ना, की झाले पाव्हनी. मग पंचमीला तुला न्यायला कोन येईल?”

“मैत्रीण येईल.”

“मैत्रीन येती, भेटती, जाती. न्यायला माहेरच येतंय.”

मी दुसरं वल्हं उचललं. मला ते पटलं मात्र नव्हतं. मला वाटायचं, एक दिवस, माझं मूल झालं नाही तरी, तू आपणहून आत येशील, पाटावर बसशील आणि म्हणशील, ‘वाढ.’ तेवढ्यासाठी मी दर वर्षी तुझ्या वाटणीचं पुरण शिजवत होते. ते तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असेल म्हणा. पुरणाचा वास थोडाच लपतो?

या हिवाळ्यात तुला नगरच्या दवाखान्यात आणलं. मी दोन्ही वेळचा डबा आणायचे. पहिल्याच दिवशी तू टेकून बसलीस आणि म्हणालीस, “आन हिकडं. हितं जेवते. हे काय तुझं घर न्हाई.” माझ्या हातचं पिठलं तू पहिल्यांदा खाल्लंस. आणि काय म्हणालीस? “मीठ कमी हाय. सावेडीत मीठ मिळत न्हाई व्हय?” मी इतकी हसले की सिस्टर बघायला आली. घरी येऊन मात्र ओट्याला धरून उभी राहिले, सुहासनं येऊन गॅस बंद केला.

मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ते कशासाठी म्हणाले, ते किसनभाऊजींना कळलं, मला कळलं, आणि तुला तर आमच्या आधी कळलं असणार. मी म्हटलं, माझ्याकडं चल. दवाखाना जवळ आहे, काही लागलं तर पळता येईल. तू मान हलवलीस.

“तुझ्या घरी आले तर जेवावं लागंल. आन जिन्यावर बसायचं म्हनशील तर आता माझ्यानं बसवत न्हाई. मला पान्यापाशी जाऊ दे.”

मी तुझ्याशी तिथं वॉर्डात मोठ्यानं भांडले. रीत मोठी की जीव मोठा, असंही विचारलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “बहिनी हायती व्हय?” तू म्हणालीस, “न्हाई. लेक हाय माझी.” म्हातारीनं तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कूस बदलून घेतली. तू डोळे मिटून हसत होतीस. भांडण तिथंच राहिलं. गाडीत बसवताना मी तुझी शाल नीट केली आणि ‘सांभाळून जा’ म्हटलं. एवढंच म्हटलं.

फोन सकाळी आला. किसनभाऊजींचा. “अनूताई, छबी गेली,” म्हणाले. आणि पुढं, “येताना माहेरची साडी घेऊन या. तिनं सांगून ठेवलंय.”

बाई गेली की तिच्या माहेराहून साडी येते, ती अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. छबू, ती साडी तू माझ्याकडून मागितलीस! मी रिसीव्हर धरावा तसा मोबाईल दोन्ही हातांनी धरून उभी होते. त्या वेळी कापडबाजारात एकही दुकान उघडं नसणार. मी कपाट उघडलं. समोरच तू गेल्या पंचमीला शेवगावच्या बाजारातून आणलेली साडी होती, हिरवी, लाल काठाची. घडीही मोडली नव्हती. तीच घेतली आणि निघाले.

अंगणात तुझा चुलतभाऊ पैठणकडून आला होता, त्याच्याही हातात साडी होती. माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी म्हणालं, “ही तर छबीची मानलेली लेक. लेक कशी माहेर हुईल?” खरं सांगते, मी घाबरले. भावाचा हक्क होता, माझा काय होता? पिशवीतली साडी बाहेर काढायचा धीर होईना. तेवढ्यात तुझी सासू उठली. भिंतीला धरत धरत माझ्यापाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मानलेलं दोन्हीकडनं असतंय. भावाची साडी खाली घाला, त्याचा मान हाय. वर हिची घाला. छबीनं हिची वाट बघा म्हनून सांगितलंय.”

मी तुला साडी घातली, छबू. तू आणलेली, तुलाच. काठ सरळ केला. तुझ्या कपाळावर केस आले होते, ते मागं सारले. मला तुझ्यापाशी तेवढंच करता आलं, आणि ते मला करायला मिळालं, म्हणून मी तुझी फार ऋणी आहे.

तुला पाण्याकाठी पोचवून आल्यावर शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. आपल्याकडं त्या पहिल्या जेवणाला कडू घास म्हणतात. माणसं बसली, भावकी बसली. मी उपड्या टाकलेल्या होडीपाशी जाऊन बसले. भूक नव्हती असं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात तुझंच चालू होतं. मी आता तुझं माहेर झाले, सगळ्या अंगणादेखत झाले. मग मी तुझ्या घरी जेवायचं कसं? तुझी रीत मी पाळली नाही तर कोण पाळणार? जन्मभर जिच्यावरून तुझ्याशी भांडले, ती रीत धरून मी उन्हात बसले होते. तू बघितलं असतंस तर पोट धरून हसली असतीस.

ऋतुजा ताट घेऊन आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आता माझ्या खांद्याला लागते ती.

“मावशी, जेव.”

“नको गं. मी तुझ्या आईचं माहेर आहे आता. माहेर लेकीच्या घरी जेवत नाही.”

तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. मी जिन्यावर यायचे तेव्हा तू सरकायचीस ना, अगदी तशी मला जरा बाजूला सरकवून ती होडीला टेकून बसली.

“लेकीला लेकरू हुईस्तवर न्हाई,” ती म्हणाली. “आईला मी झाले की.”

जेवले, छबू. तुझ्या घरी, तुझ्या लेकीच्या हातून. पिठल्यात मीठ बरोबर होतं. मी दुसरी भाकरी मागून घेतली.